उंदरांच्या फौजेत कोण जाणार?

"आमचा पंजोबा उंदीर?" बबनरावांनी माझ्या प्रेसच्या काउंटरवर हात आपटला. "आन् तुमचा घोड्यावर? ह्यो कुठला न्याय, दत्ताभाऊ?"

"साधा उंदीर न्हाई, बबन. उंदरांचा कोतवाल हाय त्यो. पोस्ट मोठी हाय."

"मग तुमचा पंजोबा घ्या की कोतवाल!"

दत्ताभाऊ म्हणजे निरगुडसरच्या एका पतसंस्थेचे चेअरमन. बबनराव तिथलेच संचालक, मंचरच्या मार्केटात त्यांची कांद्याची आडत. दोघं एका वर्गात शिकलेले, पन्नाशीला टेकलेले. मी मध्ये पडलो नाही. वीस वर्षं लग्नपत्रिका छापणाऱ्या माणसाला एवढं तरी कळतं की नावांवरून भांडण पेटलं की छापणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मी चहा मागवला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी प्रेस मंचरच्या बाजारपेठेत. आमचे आजोबा राजस्थानातून इथं आले आणि किराणा दुकान टाकून बसले. वडिलांनी तेच चालवलं. मी मात्र घरच्यांचा सल्ला धुडकावून छपाईत शिरलो. तरी लोक मला 'पारसशेठ'च म्हणतात. शेठजींकडे होतं काय, तर एक जुनं ऑफसेट मशिन, एक कॉम्प्युटर आणि तो चालवणारी रंजना. रंजनाचा हात म्हणजे वीज. लग्न, वास्तुशांत, दशक्रिया, जावळ, काय हवं ते सांगा, तिच्याकडे प्रत्येकाचा साचा तयार असे. नावं बदलायची, तारीख बदलायची, प्रिंट काढायची. कार्डाच्या तळाला बारीक अक्षरात माझ्या प्रेसचं नाव, तेही साच्यातच.

पण इतक्या वर्षांत मी पुस्तक असं छापलं नव्हतं. छापली ती पावतीपुस्तकं. बाजारपेठेत हे कुणाला सांगायची सोय नव्हती, पण मनात फार होतं. एकदा तरी खरं पुस्तक छापावं, पाठीला शिलाई असलेलं, आणि त्यात 'मुद्रक' म्हणून आपलं नाव असावं. पत्रिका लग्न झालं की रद्दीत जाते. पुस्तक निदान कपाटात तरी राहतं.

म्हणून पोळ्याच्या सुमारास शिंदेबाई पिशवी घेऊन आल्या, तेव्हा मी हातातलं काम टाकून उठलो.

शिंदेबाई निरगुडसरच्या शाळेतून रिटायर झालेल्या. सत्तरी पार केलेली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पिशवीत कादंबरी होती. जुन्या हजेरीपटांच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहिलेली, चौकोन ओलांडत, अकरा वर्षं.

"गोष्ट माझी नाही बरं का," बाईंनी आधीच सांगून टाकलं. "शाळेच्या टीव्हीवर एकदा परदेशातलं नाचाचं नाटक दाखवलं होतं. नाताळचं. एका मुलीला आक्रोड फोडणारा लाकडी शिपाई भेट मिळतो. रात्री तो जिवंत होतो, उंदरांशी लढतो आणि तिला मिठायांच्या राज्यात घेऊन जातो. एक शब्द नाही त्यात, नुसतं नाचतात. मी म्हटलं, हे आपल्याकडं झालं असतं तर?"

"आपल्याकडं आक्रोड कुठले, बाई?"

"म्हणून तर सुपारी घेतली."

बाईंनी गोष्ट उचलून थेट पेशवाईतल्या जुन्नरात आणून ठेवली होती. नाताळची झाली दिवाळी. आक्रोड फोडणारा शिपाई झाला पितळेचा अडकित्ता, शिपायाच्या आकाराचा, दोन पायांत सुपारी धरून कातरणारा. कचेरीतल्या कारकुनाच्या मुलीला, गोदाला, तो भेट देतात कागद तयार करणारे करीमचाचा. जुन्नरचा हातकागद त्या काळी नावाजलेला. उंदरांना नेमका तोच कुरतडायचा आहे, म्हणजे कचेरीतलं कुणाचंच काही लिहिलेलं शिल्लक राहणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उंदीर कागदाच्या कोठारावर चाल करून येतात. गोदानं अंगणात दिवाळीचा किल्ला केलेला असतो. अडकित्ता उठतो, किल्ल्यावरचे मातीचे मावळे उठतात, आणि लढाई जुंपते. ऐन वेळी गोदा उंदरांच्या सुभेदाराला आपली वहाण फेकून मारते. मग करंजीच्या होडीत बसून दोघं जातात फराळाच्या राज्यात. तिथं चकल्या गिरक्या घेतात, शेवेच्या झालरी हलतात, आणि एक अनारसा फार हळवा असतो, जरा काही बोललं की तुटतो.

मी उभ्या उभ्या वीस पानं वाचली. माझ्या गोडाऊनमध्ये उंदरांनी आदल्याच वर्षी एका लग्नाच्या दोनशे पत्रिका खाल्ल्या होत्या, त्यामुळे मी पहिल्या पानापासून अडकित्त्याच्या बाजूनं होतो.

"एक शंका आहे, बाई," मी म्हणालो. "पेशवाईत पोरं दिवाळीला किल्ले करायची का?"

"उंदीर मराठीत बोलतो ते तुला चाललं. किल्ल्याला पुरावा पाहिजे का?"

निघताना बाई दारात थांबल्या. "पारस, खरं सांग. कुणी वाचेल का रे हे?"

"छपाई एक नंबर करू, बाई."

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी उत्तर दिलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

छापून घेणार होते दत्ताभाऊ. त्यांची पतसंस्था दर दिवाळीला सभासदांना भेट द्यायची. बहुतेक वर्षी स्टीलचा डबा. एका वर्षी भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते सगळ्या गावात एकदमच मागं पडायला लागलं. दत्ताभाऊ बाईंचे जुने विद्यार्थी. त्यांनी बोर्डाच्या मीटिंगमध्ये ठराव मांडला की या वर्षी घरोघरी बाईंचं पुस्तक. हेतू अगदी स्वच्छ होता, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगेन.

काम सुरू झालं. रंजनानं टायपिंग केलं आणि पहिलं प्रूफ निघालं. प्रूफ म्हणजे छापण्याआधी तपासायला काढलेला कच्चा कागद. बाईंनी ते लाल पेनानं रक्तबंबाळ करून परत पाठवलं. रंजनाला लग्नपत्रिकांची सवय. तिनं सबंध कादंबरीभर गोदाच्या आधी 'चि.' लावलं होतं आणि करीमचाचांच्या आधी 'श्री.'. चाचा एके ठिकाणी म्हातारपणाची गोष्ट काढतात, तिथं तर तिनं घाईत 'कै.' लावून त्यांना संपवूनच टाकलं होतं.

"सवय वो, भाऊ," रंजना म्हणाली. "बिनचि.चं नाव टाइप करताना उघडं उघडं वाटतं."

पुस्तक पानापानानं छापलं जात नाही, हे इथं सांगायला हवं. एका मोठ्या कागदावर पाठपोट मिळून सोळा पानं छापतात. मग तो घडी घालून कापतात. या सोळा पानांच्या गठ्ठ्याला आम्ही फर्मा म्हणतो. एकदा फर्मा छापला की त्यात ब्रह्मदेवालाही काना-मात्रा बदलता येत नाही. बाईंच्या कादंबरीचे दहा फर्मे होत होते. चार छापून झाले. पाचव्यात लढाई होती. आणि लढाईच्या तोंडावर बोर्डाची मीटिंग झाली.

मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, पुस्तक ऐतिहासिक आहे, तर मग आपल्या घराण्यांची नावं कुठं आहेत? झालं. गावात एखाद्याचं नाव पत्रिकेत राहिलं तर तो मांडवाच्या दारात येऊन परत जातो, भावकी दहा वर्षं बोलत नाही. आणि हे तर पुस्तक. दत्ताभाऊंनी तोडगा काढला. लढाईतल्या मावळ्यांना संचालकांच्या पूर्वजांची नावं द्यायची. अडचण अशी झाली की बाईंच्या किल्ल्यावर मावळे होते बारा आणि संचालक सतरा. उरलेल्या पाच पूर्वजांना दत्ताभाऊंनी उंदरांच्या फौजेत भरती केलं.

त्यातलेच एक बबनरावांचे पणजोबा. तेव्हा आता आपण परत काउंटरपाशी आलो.

चहा येतोय तोवर बाहेर एसटी थांबली आणि बाई आत आल्या. प्रूफ न्यायला आल्या होत्या. दोन्ही पुढारी एकदम सरळ उभे राहिले. बबनरावांनी तोंडातली तंबाखू थुंकायला जागा शोधली, ती सापडली नाही, आणि गिळून टाकली.

"काय गोंधळ आहे?" बाईंनी विचारलं.

बाईंनी काउंटरवरची नावांची यादी उचलली. चष्मा वर केला, वाचली, चष्मा खाली केला.

"दत्ता, ही मातीची माणसं आहेत रे. एका पोरीनं अंगणात मांडलेली. मातीच्या शिपायाला आडनाव कुठलं?"

"पर बाई, इतिहास हाय ना ह्यो?"

"आहे. आणि जादू पण आहे."

"मग जादूनंच घाला की नावं!"

बबनरावांना हसू आलं, पण बाईंकडे पाहून त्यांनी ते आवरलं.

"एकही नाव घालायचं नाही," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं लिहिलंय मी. वाचताना माणसं आपापला पणजोबा शोधत बसतील, गोदाकडं कोण बघणार? छापायचं तर जसं आहे तसं. नाहीतर पारस, माझी बाडं दे परत."

दत्ताभाऊंनी टोपी काढून कपाळ पुसलं. त्यांचा आवाज उतरला होता. "बाई, मी एकट्यानं काय करू? बोर्ड ऐकायचं न्हाई. नावं नसतील तर औंदा बी डबंच वाटतील."

बाईंनी यादी काउंटरवर परत ठेवली. प्रूफ पिशवीत घातलं आणि एसटी धरली. मशिन थांबलं.

पुढचे आठ दिवस मी चिडचिड करत काढले. चार फर्म्यांचे गठ्ठे गोडाऊनमध्ये पडून, आणि उंदीर तर आमच्याकडे पेशवाईतल्यापेक्षा जास्त. मी चार सापळे लावले. दिवाळी जवळ येत होती. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची झुंबड उडणार, मग पुस्तकाला मशिन मिळणार नव्हतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, हे मला दिसत होतं. बाईंनी पुन्हा कुणाचं दार ठोठावलं नसतं. बोर्डावर राग, बाईंवर राग, दत्ताभाऊंच्या पणजोबांवरही राग, आणि दिवसभर मी तो सगळा बिचाऱ्या रंजनावर काढत होतो.

एके दुपारी ती कॉम्प्युटरवर पानांचा हिशोब लावत होती. दहा फर्मे म्हणजे एकशे साठ पानं. कादंबरी एकशे अठ्ठावन्नला संपत होती.

"भाऊ, शेवटची दोन पानं कोरी राहत्यात."

"राहू दे. छापतंय कोण इथं पुस्तक!"

रंजना शेवटचं प्रकरण वाचत होती. लढाई जिंकल्यावर फराळाच्या राज्यात मोठी पंगत बसते आणि सगळं जुन्नर जेवायला येतं, असा शेवट आहे.

"एवढं मोठं जेवाण," ती स्वतःशीच म्हणाली, "आन् पत्रिका न्हाई कुटं. लोक आलं कसं मग?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटरला किक मारली आणि निरगुडसर गाठलं.

बाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी धापा टाकत सांगितलं, "बाई, कादंबरीला हात लावायचा नाही. शब्द नाही, नाव नाही. पण ती संपल्यावर दोन पानं रिकामी आहेत. तिथं पंगतीची पत्रिका छापू. निमंत्रक म्हणून अख्खं गाव घाला. मावळा कुणी नाही, उंदीर कुणी नाही."

बाई अशा हसल्या की सुपातल्या शेंगा ओसरीभर झाल्या. तिथंच बसून त्यांनी मजकूर लिहून दिला. "आमचे येथे श्रीकृपेकरून अडकित्ता शिपाई विजयी झाल्याप्रीत्यर्थ..." अशी सुरुवात. खाली सूचनाही होती की कृपया अनारशाशी मोठ्यानं बोलू नये.

बोर्डानं टाळ्या वाजवून मंजुरी दिली. यादी दत्ताभाऊंनी स्वतः केली. तीन रात्री जागून, फुलस्केपची चार पानं, सुवाच्य अक्षरात. संचालक, त्यांचे वाडवडील, माजी संचालक, सोसायटीचे, दूध डेअरीचे. त्यांची आळे गावची सासरवाडीसुद्धा त्यात आली. कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या खाली, याचा इतका विचार देशाच्या मंत्रिमंडळातही होत असेल असं मला वाटत नाही. रंजनानं अक्षर बारीक करत करत सगळे दोन पानांत बसवले.

मग प्रूफ. बाईंनी शुद्धलेखन पाहिलं. मी ओळी सरळ आहेत का ते पाहिलं. दत्ताभाऊंनी दोन दिवस बोट ठेवून एकेक नाव तपासलं, कुणी राहिलं का ते पाहिलं, आणि खाली लिहिलं, 'बरोबर आहे, छापावे.' त्याखाली सही. ही सही आमच्या धंद्यातलं कवच. ती असली की नंतर काहीही निघो, छापणारा सुटला. मी ते प्रूफ ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलं.

सहा फर्मे धडाधड निघाले. शिलाई झाली, कव्हर चढलं. वसुबारसेच्या तीन दिवस आधी पाचशे प्रती काउंटरमागे रचून तयार. मी पहिली प्रत हातात घेतली, नाकाशी नेली. नव्या शाईचा आणि खळीचा वास. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

दत्ताभाऊ आले. सगळ्यांनी नंतर केलं तेच त्यांनी केलं. पुस्तक मागून उघडलं. बोट वरपासून खाली गेलं. परत वर आलं, परत खाली गेलं. मग दुसऱ्या पानावर.

"पारसशेठ."

"बोला."

"मी कुटं हाय?"

"म्हणजे?"

"माझं नाव. कुटं हाय?"

मी पाहिलं. रंजनानं पाहिलं. पणजोबा होते. वडील होते. आळ्याचे सासरे होते, दोन मेहुणे होते. दत्ताभाऊ नव्हते.

मी ड्रॉवर उघडला आणि त्यांच्या हातची यादी काढली. चार पानं उलटीपालटी करून झाली. त्यातही नव्हते. दुसऱ्यांची नावं लावण्याच्या नादात या माणसानं स्वतःला घातलंच नव्हतं. मी सहीचं प्रूफ पुढं केलं. मला जरा बरंही वाटलं, हे कबूल करतो.

"सही तुमचीच आहे, भाऊ. 'बरोबर आहे, छापावे.'"

दत्ताभाऊंचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. "चेअरमनचंच नाव न्हाई? गाव हसंल मला! म्हणतील, बोर्डानं काढला ह्याला. न्हाई वाटायची ही पुस्तकं. डब्यांची आर्डर देतो मी आत्ता!"

"भाऊ, पाचशे प्रती..."

"रद्दीत घाला!"

ते गेले. कागदोपत्री मी सुटलो होतो. पण काउंटरमागं पाचशे पुस्तकं होती आणि कोपऱ्यात उंदरांचे सापळे. मी परत स्कूटर काढली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

"दत्ता चौथीत माझा मॉनिटर होता. हजेरी मांडायचा. सगळ्या वर्गाची बरोबर मांडायचा आणि स्वतःची विसरायचा. मग महिन्याच्या शेवटी रडत यायचा. म्हणायचा, 'बाई, मी रोज आलो होतो, पण हजेरीपटात गैरहजर.'" त्या उठल्या. "माझं लाल पेन घे. आणि मला मंचरला घेऊन चल."

सत्तरीच्या बाई माझ्या स्कूटरवर मागं बसून मंचरला आल्या. काउंटरमागं खुर्ची घेतली. पहिली प्रत ओढली, पत्रिकेचं पान उघडलं, आणि निमंत्रकांच्या डोक्यावर जी थोडी मोकळी जागा होती तिथं वळणदार अक्षरात लाल शाईनं लिहिलं: 'दत्तात्रय - हजर.' खाली छोटी सही, हजेरीपटात असते तशी.

"अशा पाचशे?" मी विचारलं.

"अकरा वर्षं लिहिलंय मी. पाचशे ओळींचं काय घेऊन बसलास!"

पन्नासेक झाल्या असतील. रंजनानं कुठून तरी फोन केला असावा, कारण दत्ताभाऊ दारात उभे होते. त्यांनी वरची प्रत उचलली. वाचली. मग टोपी खिशात घातली, बाईंच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली आणि एकेक प्रत पान उघडून बाईंच्या हातात द्यायला लागले. बाईंचं लिहून झालं की शाई वाळेपर्यंत फुंकर घालायचे. दोन दिवस चाललं ते. पतसंस्थेचे चेअरमन माझ्या दुकानात बसून फुंकर घालतायत हे पाहायला अर्धी बाजारपेठ येऊन गेली.

वसुबारसेला वाटप झालं. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बबनराव दारात.

"पारसशेठ, आमचं नाव छापील हाय."

"मग? तेच पाहिजे होतं ना?"

"चेअरमनचं बाईंनी हातानं लिवलंय! आमी काय पाप केलंय?"

कालपर्यंत छापील नावासाठी भांडणाऱ्या गावात छापील नाव एका रात्रीत हलकं झालं. दिवाळीचे चारही दिवस बाईंच्या ओसरीवर रांग. प्रत्येकाच्या हातात पुस्तक, मागच्या पानावर उघडलेलं. "बाई, आमचं बी हातानं."

बाईंनी एकालाही नाही म्हटलं नाही. फक्त अट घातली. आधी पुस्तक वाचून यायचं, त्या दोन प्रश्न विचारणार, उत्तर आलं तर 'हजर'. नाही आलं तर परत जायचं आणि वाचून यायचं. दूध डेअरीचे सेक्रेटरी तीनदा परत गेले. आडतवाले, ट्रॅक्टरवाले, सोसायटीचे कारकून, सगळे कांद्याच्या गोण्यांवर बसून अडकित्त्याची गोष्ट वाचताना मी डोळ्यांनी पाहिले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी सुनांकडून वाचून घेतली. बाईंनी मला पोळ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना असं भाऊबीजेपर्यंत मिळालं.

भाऊबीजेला मी मिठाई घेऊन गेलो, तेव्हा बबनराव परीक्षा देऊन ओसरीवरच बसले होते. खुशीत दिसले.

"बाई, एक सांगू का? मावळ्यांचं ठीक हाय. पर उंदरांची बाजू तुमी लई भारी लिवलीय. त्यो कोतवाल उंदीर, त्यो मरताना कागदाचा शेवटचा तुकडा खातो आन् म्हणतो, 'चव चांगली आहे', तिथं मला रडूच फुटलं राव." त्यांनी आवाज खाली आणला. "दुसऱ्या छपाईत आमच्या पंजोबाचं नाव तिकडं टाका. दत्ताला सांगू नका."

बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो. वर ऐटीत म्हणालो, "बघा बाई, प्रूफ नीट बघत नाहीत लोक. स्वतःचंच नाव विसरायचं म्हणजे हद्द झाली."

बाईंनी माझी प्रत मागितली. माझ्या पिशवीत असायचीच ती तेव्हा. त्यांनी ती पुढून उघडली. दुसरं पान. लेखिका, प्रकाशक, मुखपृष्ठ. त्यांनी पान माझ्यासमोर धरलं.

"आणि मुद्रक कोण?"

मी पाहिलं. मुद्रकाची ओळच नव्हती. प्रेसचं नाव रंजनाच्या पत्रिकेच्या साच्यात आपोआप येतं, म्हणून ते कधी कुणी घालायचंच नसे. पुस्तकाचा साचा आमच्याकडे नव्हता. पहिल्या फर्म्याचं प्रूफ मी स्वतः तपासलं होतं. सहीही माझीच होती.

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं.

"थांब. आधी सांग, गोदा वहाण कुठल्या पायातली फेकते?"

"डाव्या," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं: 'पारस - हजर.'

ती प्रत माझ्या कपाटात आहे. आणि तेव्हापासून प्रेसमध्ये एक नियम आहे. कुणीही यादी घेऊन आलं, की आधी ती आणणाऱ्याचं नाव शोधायचं, मग आपलं, आणि सही त्यानंतर घ्यायची.